मुलांनी केलेले व्हिडिओ-ऑडिओ प्रकल्प: ‘शिकण्याच्या शैली’प्रमाणे गट पाडावेत का?

खडूचा_तुकडा

नववीचा विज्ञानाचा वर्ग, ४२ मुलं. पेशीविभाजन, ध्वनी आणि विद्युतप्रवाह या तीन घटकांवर मुलांकडूनच मल्टिमीडिया प्रकल्प करून घ्यायचे आहेत. आराखडा असा: आधी प्रश्नावली भरून घ्यायची, त्यातून कोण ‘दृश्य’, कोण ‘श्राव्य’, कोण ‘कृतिशील’ हे ठरवायचं आणि तसे गट पाडायचे. दृश्यवाल्यांनी व्हिडिओ, श्राव्यवाल्यांनी पॉडकास्ट, कृतिशील मुलांनी मॉडेल करून त्याचे फोटो. हाताशी तीन फोन आणि एक लॅपटॉप. तासिका ४० मिनिटांची, अशा आठ तासिका मिळतील.

प्रश्न तीन. असे गट पाडणं बरोबर आहे का? एवढ्या साधनांत काम कोणत्या क्रमाने करावं? आणि गुण कशाला द्यायचे? व्हिडिओ देखणा पण आतलं विज्ञान चुकीचं, असं निघालं तर काय करायचं?

उलटतपासणी

पहिल्याचं उत्तर: नका पाडू.

तुम्ही म्हणता ती प्रश्नावली बहुधा ‘व्हार्क’च्या वळणाची असेल, म्हणजे मुलांना दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृतिशील अशा प्रकारांत वाटणारी. ती नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास मांडली. मुलाला काय आवडतं ते ती सांगते, पण त्या आवडीप्रमाणे शिकवल्यावर त्याला जास्त कळतं असा अर्थ त्यातून निघत नाही. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट तपासली. हा दावा सिद्ध करायचा तर ‘दृश्य’ आणि ‘श्राव्य’ मुलं चिठ्ठ्या टाकून दोन्ही पद्धतींत वाटायला हवीत, सगळ्यांना एकच परीक्षा द्यायला हवी, आणि प्रत्येक प्रकारची मुलं आपापल्या पद्धतीत वरचढ ठरायला हवीत. अशा रचनेचे अभ्यास मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले, आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष दाव्याच्या उलट होते. त्याआधी २००४ मध्ये कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी शिकण्याच्या शैलींची ७१ वेगवेगळी प्रारूपं मोजली होती. एकाच मुलावर ७१ प्रकारे शिक्के मारता येत असतील तर शिक्क्याची किंमत काय, ते तुम्हीच ठरवा. बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडणारे हॉवर्ड गार्डनरही सांगत आले आहेत की बुद्धिमत्तेचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत.

मग प्रकल्प सोडून द्यायचे? मुळीच नाही. त्यांचा उपयोग आहे, फक्त कारण वेगळं आहे. आयतं वाचलेल्यापेक्षा स्वतः तयार केलेलं जास्त लक्षात राहतं, हे स्लामेका आणि ग्राफ यांनी १९७८ मध्ये दाखवलं. शब्द आणि चित्र एकमेकांना धरून आले की फायदा सगळ्यांनाच होतो, ‘दृश्य’ मुलांनाच असं नाही. म्हणून माध्यम मुलाकडे पाहून ठरवू नका, घटकाकडे पाहून ठरवा. तुमच्या तीन घटकांपुरतं सांगतो.

पेशीविभाजन म्हणजे वेळेनुसार बदलणारा आकार. त्याला स्टॉप मोशन हवं, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत काढलेले फोटो जोडून केलेली चित्रफीत. सूत्री विभाजनात बहुतेक मुलं कुठे घसरतात? पश्चावस्थेत. अख्खी गुणसूत्रं दोन बाजूंना वाटली जातात असं ती समजतात, खरं तर प्रत्येक गुणसूत्राच्या दोन जुळ्या पट्ट्या सुटून वेगळ्या होतात. वहीतल्या चार चित्रांत ही चूक झाकली जाते, कारण दोन चित्रांच्या मधे काय झालं ते दाखवावं लागत नाही. मातीची गुणसूत्रं एकेक फ्रेम सरकवायची म्हटलं की गुणसूत्रबिंदूपाशी जोडी सुटते की नाही याचा निर्णय घ्यावाच लागतो.

ध्वनीसाठी ऑडिओ. सारख्या चार काचेच्या बाटल्यांत कमी-जास्त पाणी भरा. चमच्याने वाजवली तर जास्त पाण्याच्या बाटलीचा स्वर खाली येतो. तोंडावर फुंकर मारली तर त्याच बाटलीचा स्वर वर जातो. पहिल्यात काच आणि पाणी कंप पावतं, दुसऱ्यात वरची हवा. हा फरक चित्रात कळत नाही, कानाला लगेच कळतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तुकडा निवडून ‘अ‍ॅनलाइझ’मधलं ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडलं की वारंवारता आकड्यातही दिसते.

विद्युतप्रवाहात ‘प्रवाह दिव्यात संपतो’ हा गैरसमज सगळ्यांत चिवट. त्यावर सरळ व्हिडिओ: एकसर जोडणीत अ‍ॅमीटर आधी दिव्याच्या अलीकडे लावा, मग पलीकडे, आणि दोन्ही वेळा काटा कॅमेऱ्यात घ्या. वाचन एकच येतं. इथे अ‍ॅनिमेशन नको, अ‍ॅनिमेशनमध्ये मुलं काटा हवा तिथे नेऊन ठेवतात!

ध्वनिमुद्रक

क्रमाबद्दल. आठपैकी पहिल्या तीन तासिकांत फोनला हात लावू देऊ नका. ही अट पाळली नाही तर काय होतं ते ठरलेलं आहे: पहिला तास शीर्षकाचा फॉन्ट निवडण्यात जातो, दुसरा पार्श्वसंगीतात, आणि मजकूर शेवटच्या रात्री कुठून तरी उचलला जातो.

पहिल्या तासिकेत गटाने एकच प्रश्न ठरवायचा. ‘ध्वनी’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘पाणी वाढवलं की फुंकरीचा स्वर वर का जातो?’ हा प्रश्न. दुसऱ्यात संहिता. ९० सेकंदांचं काम असेल तर शब्द १६० ते १७०, कारण मुलांनी समजेल अशा वेगाने मराठीत बोलायचं तर मिनिटाला ११० च्या आसपास शब्द होतात. तीनशे शब्दांची संहिता आली तर मुलं ती धावत वाचतात आणि सगळंच वाया जातं. तिसऱ्यात चित्रफलक: ए-फोर कागदाला तीन घड्या घातल्या की आठ चौकोन मिळतात. प्रत्येक चौकोनात काय दिसेल, काय ऐकू येईल आणि किती सेकंद. साधारण ११ सेकंद एका चौकोनाला. हा कागद पेनाने, वर्गातच. शिक्षकाने विज्ञानाच्या चुका इथेच धरायच्या. इथे चूक खोडायला अर्धं मिनिट लागतं, रेकॉर्डिंग झाल्यावर तिच्यासाठी अख्खी तासिका जाते, आणि मग ‘राहू दे आता’ म्हणून ती तशीच राहते.

आवाजाचं: फोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, थोडा बाजूला. अगदी समोर धरला तर प, फ, ब, भ यांना हवेचा धपका बसतो आणि तो नंतर निघत नाही. पंखा बंद. रिकामी खोली घुमते, म्हणून पडदे, दप्तरं, कपडे असलेला कोपरा शोधा. बोलण्याआधी पाच सेकंद शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीत तेवढा तुकडा निवडून नॉइज रिडक्शनमध्ये ‘गेट नॉइज प्रोफाइल’, मग पूर्ण ट्रॅक निवडून तोच इफेक्ट पुन्हा. ६ ते १२ डेसिबल पुरे. त्याच्या वर गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. पातळी वर खाली झाली तर सावरता येते, पण आवाज फार मोठा होऊन लाट वरून कापली गेली असेल तर ते रेकॉर्डिंग टाकून पुन्हा करायचं, दुसरा उपाय नाही. निर्यात मोनो एमपी-थ्री, ६४ केबीपीएस: मिनिटाला जेमतेम अर्धा एमबी.

पार्श्वसंगीत शक्यतो नकोच. मल्टिमीडियातून शिकण्यावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून हे पुन्हापुन्हा आलं आहे की आशयाशी संबंध नसलेलं संगीत आणि सजावट काढून टाकली की समज वाढते. त्यांचीच दुसरी गोष्ट: जे बोललं जातंय तेच वाक्य पूर्ण पडद्यावर लिहू नये. मुलांना नेमकं हेच करायचं असतं. पडद्यावर फक्त संज्ञा आणि बाण, बाकी आवाजात.

स्टॉप मोशनला सेकंदाला १० फोटो धरा. ४० सेकंदांच्या चित्रफितीला ४०० फ्रेम लागतात, पण थांबलेल्या जागा त्याच फोटोच्या प्रती लावून भरता येतात, म्हणून प्रत्यक्षात २५० च्या आसपास. एका फोटोला आठ सेकंद धरले तर एक तासिका. प्रत्येक फ्रेममधे तीन ते पाच मिलिमीटर सरकवा. जास्त सरकवलं तर गुणसूत्र उडी मारतं. पुस्तकांच्या दोन चवडी, वर आडवी जाड पट्टी, तिला फोन चिकटपट्टीने खाली तोंड करून. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. खिडकीच्या उजेडात काम करू नका, ढग आला की चित्र लुकलुकतं. एलईडी दिवा घ्या, गरम होणाऱ्या दिव्याखाली प्लास्टिसिन मऊ पडतं. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर दोनशेव्या फोटोला कॉल येतो.

जोडाक्षर

वरच्यात मराठीपुरती भर घालते, कारण या अडचणीत मुलांचे तासच्या तास जातात.

काही व्हिडिओ एडिटरमध्ये देवनागरी नीट बसत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडते, रफार सुटतो, ‘क्ष’ पाय मोडून येतो. फॉन्ट बदलून दर वेळी सुटेलच असं नाही, कारण दोष अक्षरं जोडणाऱ्या यंत्रणेत असतो. खात्रीचा उपाय: शीर्षकं आणि लेबलं लिब्रेऑफिस इम्प्रेस किंवा गूगल स्लाइड्समध्ये करा, स्लाइड पीएनजी म्हणून काढा आणि चित्र म्हणून व्हिडिओत लावा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांपैकी एक फॉन्ट ठरवून टाका. जुन्या टंकलेखनी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडतो.

उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं वापरलीत तर संज्ञा एकेक करून तपासा. ‘गुणसूत्र’चं काय होईल सांगता येत नाही.

फोन बहुधा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतात. लांब क्लिप एडिटरमध्ये घेतली की शेवटाकडे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. हँडब्रेक या व्हिडिओ-रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’, सेकंदाला ३० फ्रेम असं करून घ्या. शॉटकट हा एडिटर अशी फाइल ओळखून रूपांतर करायचं का ते स्वतःच विचारतं. रेझोल्यूशन ७२० पी पुरे, १०८० पीला कोडेकप्रमाणे (व्हिडिओ आकसायच्या पद्धतीप्रमाणे) मिनिटाला ६० ते १३० एमबी जागा जाते. आणि हे फळ्यावर लिहून ठेवा: एडिटरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. आधी एक फोल्डर करून सगळ्या फाइली त्यात टाका, मगच एडिटर उघडा. नुसती प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर आणणारा गट दर वर्गात असतो.

आता उलटतपासणी यांच्याशी थोडा वाद. शैली हे मिथक आहे, मान्य. पण त्यावरून ‘सगळ्यांना एकच माध्यम’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. वाचनअक्षमता असलेल्या मुलाला मजकूर ऐकवणं, कमी ऐकू येणाऱ्या मुलीला उपशीर्षकं देणं, तोतरेपणा असलेल्याला सर्वांसमोर बोलायच्या ऐवजी हवे तेवढे रीटेक देणं ही शैलीची बाब नाही, तिथे दार उघडं आहे की बंद एवढाच प्रश्न असतो. ही मुलं शिक्षकांना माहीत असतात, त्यासाठी प्रश्नावली लागत नाही. शिवाय लाल आणि हिरव्या बाणांनी फरक दाखवू नका. रंगांधत्व मुलग्यांत जास्त आढळतं. एक बाण सलग, एक तुटक.

उलटतपासणी

@जोडाक्षर, पूर्ण सहमत. माझं म्हणणं शिक्के मारण्याबद्दल होतं. उपशीर्षकांच्या बाबतीत तर मेयर यांचा नियमही सैल होतो: शिकण्याची भाषा घरच्या भाषेपेक्षा वेगळी असेल किंवा ऐकण्यात अडचण असेल तर बोललेलंच वाक्य खाली दिसणं मदतच करतं. म्हणून उपशीर्षकं चालू-बंद करता येतील अशी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, व्हिडिओत कोरू नका.

मोजपट्टी

गुणांबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून. माझी विभागणी २० गुणांची: आशयाची अचूकता ८, ‘का’चं उत्तर ५, हेच माध्यम का निवडलं याचं दोन ओळींत समर्थन ३, चित्रं-आवाजांचे स्रोत आणि परवाने २, तांत्रिक बाजू २. शेवटचे दोन गुण फक्त ‘स्पष्ट ऐकू येतं’ आणि ‘स्पष्ट दिसतं’ यांचे. संक्रमणं, इफेक्ट, उडणारी अक्षरं यांना शून्य, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचं. तांत्रिक बाजूला सात-आठ गुण ठेवले की ज्याच्या घरी चांगला फोन आहे त्याला ते आयते मिळतात.

अचूकतेत एक अट ठेवा: मूळ संकल्पनाच चुकली असेल तर आठपैकी तीनच्या वर नाही, पण दुरुस्त करून दिलं तर पूर्ण गुण खुले. दुरुस्ती म्हणजे अख्खा व्हिडिओ पुन्हा नव्हे. ‘दुरुस्ती’ असं लिहून २० सेकंदांचा ऑडिओ जोडला तरी चालेल. देखण्या पण चुकीच्या व्हिडिओचा प्रश्न असा सुटतो.

हे गटाचे गुण. व्यक्तीचे १० वेगळे, तोंडी. तीन प्रश्न: एक स्वतः केलेल्या भागावर, एक जोडीदाराने केलेल्या भागावर, एक ‘अमुक बदललं तर काय होईल?’ असा. दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ‘ते एडिटिंग त्याने केलं, मला माहीत नाही’ हे उत्तर येणार आहे हे आधीच माहीत असलं की मुलं एकमेकांना शिकवायला लागतात. संहिता एआयकडून लिहून घेतली असेल तर तीही तिसऱ्या प्रश्नाला उघडी पडते, वेगळी हेरगिरी नको.

आणखी एक खड्डा: प्रत्येक गटाला फक्त आपलाच घटक येतो, बाकीचे व्हिडिओ करमणूक म्हणून पाहिले जातात. म्हणून प्रत्येक चित्रफीत निर्णायक जागी थांबवा. अ‍ॅमीटर पलीकडे लावायच्या आधी थांबवा, प्रत्येकाने अंदाज वहीत लिहावा, मग पुढे चालू करा.

परवाने: मोकळ्या परवान्याची चित्रं-आवाज विकिमीडिया कॉमन्स, ओपनव्हर्स इथे शोधा. परवाना ‘सीसी बाय’ (क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय देऊन) असेल तर निर्मात्याचं नाव देऊन वापरा. त्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्हज) असेल तर चित्रात फेरफार करून देऊ नका. पण स्वतः काढलेलं वेडंवाकडं चित्र यांपेक्षा बरं. मुलांचे चेहरे नकोत, हात पुरेत. पालकांच्या परवानगीशिवाय काहीही सार्वजनिक टाकू नका.

खडूचा_तुकडा

सर्वांचे आभार. प्रश्नावली रद्द. एक अडचण उरते: तिघांचा एक गट धरला तर १४ गट होतात. तीन फोन, एक लॅपटॉप. एडिटिंगच्या रांगेतच आठ तासिका संपतील.

ध्वनिमुद्रक

रांग लागणार नाही, कारण बहुतेक गटांना एडिटिंगच लागू देऊ नका.

स्टॉप मोशन फक्त तीन गटांना. चौथी तासिका पूर्ण त्यांची, एकेक फोन एकेका गटाला. बाकीचे ११ गट त्या तासिकेत कागदाचे तुकडे कापतील, परिपथ जोडून पाहतील, संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचतील.

या ११ गटांनी एकाच टेकमध्ये करायचं. ऑडिओवाले संहिता समोर ठेवून सलग बोलतील, चुकलं तर दोन सेकंद थांबून तेच वाक्य पुन्हा. नंतर तेवढाच तुकडा कापायचा. व्हिडिओवाल्यांनी फोन वरून खाली रोखून ठेवायचा, टेबलावर कोरा पांढरा कागद, एक जण बोलेल, दुसरा कापलेले बाण, पेशी, दिवे हाताने आत-बाहेर सरकवेल, तिसरा सेकंद मोजून खूण करेल. ९० सेकंदांनी रेकॉर्डिंग बंद, काम पूर्ण. कागदाच्या कडांवर चौकटीच्या चार खुणा करून ठेवा, म्हणजे तुकडे फ्रेमबाहेर जात नाहीत. गुळगुळीत कागद टाळा, दिवा चमकतो.

एका गटाला १२ मिनिटं: तीन मांडणीला, बाकी दोन-तीन टेकना. ३६ मिनिटांत तीन फोनांवर नऊ गट. म्हणजे पाचव्या तासिकेत नऊ, सहाव्यात उरलेले दोन आणि ज्यांचं बिघडलं त्यांचे रीटेक. लॅपटॉप तेव्हा स्टॉप मोशनच्या तीन गटांकडे, कारण फोटो जोडून त्यावर आवाज चढवायचं काम त्यांनाच आहे. सातवी-आठवी तासिका सादरीकरण आणि मोजपट्टी यांच्या तोंडी प्रश्नांना. गटाला पाच मिनिटं धरली तर १४ गटांचे ७० होतात, वर १० मिनिटं शिल्लक. सहावी तासिका संपताच सगळ्या फाइली लॅपटॉपवर घ्या, त्यांना ‘गट०३_ध्वनी_अंतिम’ अशी नावं द्या आणि ज्या स्पीकरवर ऐकवणार आहात त्यावरच प्रत्येकीची पहिली दहा सेकंदं ऐकून पाहा.

खडूचा_तुकडा

स्टॉप मोशनसाठी ते तीन गट कसे निवडू? सगळ्यांनाच ते हवं असणार.

मोजपट्टी

ज्यांच्या चित्रफलकात पश्चावस्थेचा चौकोन बरोबर आहे अशा गटांच्या चिठ्ठ्या टाका. बाकीच्यांनी चौकोन दुरुस्त केला की त्यांचीही चिठ्ठी आत.